‘गड आला पण सिंह गेला’ आणि इतिहासाचा वर्ग

१

माध्यमिक शाळेंत इतिहास शिकवितांना ऐतिहासिक कादंबरीचा उपयोग करावा कीं करूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां शिक्षणशास्त्राचा आहे. त्यास संशोधकांच्या त्रैमासिकांत जागा कां द्यावी, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर थोडक्यांत असें कीं, आज जे गृहस्थ जुने कागद जमवितात, दप्तरें धुंडाळतात आणि बाडें विकत घेतात, ते सर्व एके काळीं कोणत्या तरी शाळेंत नववी-दहावीच्या बांकावर बसलेले होते. तेथें त्यांच्या मनावर जो संस्कार झाला, तोच पुढें कागदाची पारख करतांना त्यांच्या नकळत त्यांच्या डोळ्यांवर बसतो. ही गोष्ट आम्हांस पुस्तकांतून कळली नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत संस्कृत आणि इतिहास शिकविल्यावर, सेवानिवृत्तीनंतर, आमच्याच एका विद्यार्थ्यानें ती आमच्या पदरांत टाकली. ती हकीकत पुढें येईलच. आधीं प्रश्नाचें स्वरूप पाहूं.

कादंबरीच्या बाजूनें बोलणारांचें म्हणणें दुर्लक्ष करण्यासारखें नाहीं. पाठ्यपुस्तकांतील इतिहास म्हणजे सनावळी, तहांचीं कलमें आणि ‘कारणें व परिणाम’ यांची जंत्री. पुरंदरचा तह १६६५ सालीं झाला आणि त्यांत तेवीस किल्ले गेले, एवढें मुलगा पाठ करतो. परंतु हातचा किल्ला देणें म्हणजे काय, हें त्यास त्या आंकड्यावरून उमगत नाहीं. तें कादंबरीकार उमगवितो. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, कादंबरीनें एकदां मनांत घर केलें म्हणजे मागाहून आलेल्या अस्सल पत्रास तेथें उभें राहण्यापुरतीही जागा उरत नाहीं. आम्ही दोन्ही पक्षांत काहीं काळ काढला आहे, आणि आमचें आजचें मत दोहोंहून किंचित् निराळें आहे.

२

आमच्या भाषेनें ‘नॉव्हेल’ या वाङ्मयप्रकारास ‘कादंबरी’ हें नांव दिलें, यांतच या वादाचें अर्धें उत्तर आहे. बाणभट्टानें दोन गद्यग्रंथ लिहिले. ‘हर्षचरित’ ही आख्यायिका आणि ‘कादंबरी’ ही कथा. अमरसिंहानें कोशांत दोहोंचीं लक्षणें निराळीं दिलीं आहेत: आख्यायिकेचा विषय आधींपासून ज्ञात असलेला, तर कथा ही कवीच्या कल्पनेची रचना. भामहानेंही हा भेद मानला. दंडीनें मात्र तो झिडकारून दोन्ही एकाच जातीचीं दोन नांवें होत, असें म्हटलें. मराठीनें जें नांव उचललें तें कल्पित कथेचें उचललें, आख्यायिकेचें नव्हे. म्हणजे ‘ऐतिहासिक कादंबरी’ या जोडशब्दांत विशेषण एका घरचें आणि विशेष्य दुसऱ्या घरचें आहे. हा संसार अशक्य आहे असें नाहीं. परंतु दोघांचें घराणें एकच आहे, अशी समजूत मुलांची होऊं देऊं नये.

आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतांत तर कवीस स्पष्ट मुभा दिली आहे. इतिहासांतून घेतलेल्या कथानकांत रसास प्रतिकूल असें कांहीं आढळल्यास कवीनें तें टाकावें आणि रसास अनुकूल अशी नवी कथा खुशाल रचावी. कारण घडलें तेवढें सांगणें हें कवीचें प्रयोजन नव्हे, तें काम इतिहासानें होतेंच, असा त्याचा अभिप्राय आहे. आमच्या कादंबरीकारांवर ‘तुम्हीं इतिहास बिघडविला’ असा आरोप करणारांनीं हें स्थळ अवश्य वाचावें. कादंबरीकारानें रसासाठीं वृत्त बदललें तर तो आपल्या धर्मास अनुसरूनच वागला. धर्मलोप होतो तो वर्गांत, जेव्हां शिक्षक रसाचा ग्रंथ हातीं धरून प्रमाणाचें काम त्याजकडून करवितो.

‘हर्षचरिता’चाच दाखला घ्या. तो ग्रंथ आख्यायिका असूनही संशोधकांनीं त्यावर एकट्यावर विसंबून हर्षाचा इतिहास लिहिला नाहीं. बांसखेड्याचा ताम्रपट, चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाचें वृत्त आणि शके ५५६ मधील ऐहोळेचा शिलालेख यांच्याशीं तो ताडून पाहिला. बाणाचें कथन हर्षाच्या कारकीर्दीच्या आरंभींच थांबतें. दक्षिणेंत पुलकेशीकडून झालेला हर्षाचा पराभव रविकीर्तीच्या त्या प्रशस्तीवरून कळतो. केवळ बाण वाचणारास हर्ष अजिंक्यच वाटावयाचा. जी दक्षता बाणाच्या बाबतींत घेतली जाते, ती हरिभाऊंच्या बाबतींत शाळेंत कोणी घेत नाहीं. आम्हींही घेतली नव्हती.

३

आम्ही नववीच्या वर्गांत दरवर्षीं माघ महिन्याच्या सुमारास हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरींतील प्रकरणें मोठ्यानें वाचून दाखवीत असूं. ‘उषःकाला’चा विस्तार आणि मांडणी या कादंबरीस नाहीं, हें कबूल केलें पाहिजे, कमलकुमारीचें उपाख्यान मूळ प्रसंगास पुष्कळ ठिकाणीं झांकून टाकतें, आणि उदेभान हा किल्लेदार न राहतां नाटकांतला खलपुरुष होतो. परंतु तानाजी मालुसरे घरचें मंगलकार्य बाजूस सारून उठतो तेथपासून वर्ग असा स्तब्ध होई कीं, तास संपल्याची घंटा झालेली कोणाच्या ध्यानांत येत नसे. याच कथेवर व्ही. शांतारामांनीं १९३३ सालीं ‘सिंहगड’ हा बोलपट काढला. २०२० सालीं हिंदींत ‘तान्हाजी’ आला तेव्हां तर मुलें चित्रपटगृहांतूनच इतिहास शिकून वर्गांत येतील अशी स्थिति झाली. कथेचें सामर्थ्य वादातीत आहे. प्रश्न एवढाच कीं, कथेखालीं जमीन कोणती?

ती जमीन थरांची आहे, आणि थर मोजण्यासारखे आहेत. सर्वांत जवळचा थर शकावल्यांचा. लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्धीस आणलेली जेधे शकावली या प्रसंगाची मिति शके १५९१ माघ वद्य ९ देते; इंग्रजी गणनेनें ती ४ फेब्रुवारी १६७० येते. शकावलीची नोंद त्रोटक. तींत रसास अवकाशच नाहीं. दुसरा थर सभासद बखरीचा. कृष्णाजी अनंत सभासदानें ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस, म्हणजे प्रसंगानंतर सुमारें पाव शतकानें लिहिली. त्याच्या कथनांत तानाजी पांचशें मावळ्यांसह रात्रीं गडाखालीं येतो, कडा चढण्यांत निष्णात असे दोन मावळे निवडून पुढें पाठवितो, ते वानरांसारखे चढून वरून माळ लावितात, आणि तिच्यावरून बाकीचे वर येतात. तानाजी आणि उदेभान समोरासमोर झुंजून दोघेही पडतात. तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांस सावरून गड घेतो. येथें घोरपड नाहीं. महाराजांच्या तोंडीं जो उद्गार आहे त्यांतही सिंह नाहीं. एक गड हातीं आला तों दुसरा गड गेला, असा त्याचा भाव आहे. तानाजीस महाराज गडाची उपमा देतात. आमच्या मतें ही उपमा सिंहाच्या उपमेहून सरस आहे. पण तो विषय निराळा.

तिसरा थर पोवाड्याचा. तुळशीदास शाहिराचा म्हणून जो पोवाडा प्रसिद्ध आहे, तो अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं छापलेल्या संग्रहामुळें सर्वत्र झाला. रायबाचें लग्न, जिजाबाईसाहेबांचा सोंगट्यांचा डाव, ऐंशी वर्षांचा शेलारमामा आणि यशवंत घोरपड, हीं सर्व मंडळी येथलीं आहेत. गोंधळ्यांच्या तोंडून उतरून घेतलेल्या कवनांत मूळ रचना किती आणि गाणारांची भर किती, हें सांगणें दुर्घट असतें. चौथा थर ग्रँट डफचा. त्याच्या १८२६ सालच्या इतिहासांत गुहा मिळाली परंतु सिंह पडला, अशा अर्थाचा उद्गार महाराजांच्या तोंडीं आढळतो. म्हणजे सिंह हा हरिभाऊंनीं निर्माण केलेला नव्हे. तो त्यांच्या जन्मापूर्वीं, निदान अडतीस वर्षे आधीं, इंग्रजी ग्रंथांत येऊन बसला होता. हरिभाऊंनीं या सर्वांवर पांचवा थर चढविला, आणि तो इतका सुरेख बसला कीं खालचे चार दिसेनासे झाले.

आणखी एक मुद्दा राहिला. तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याचें नांव सिंहगड ठेवलें, ही समजूत आबालवृद्धांत रूढ आहे. परंतु ३ एप्रिल १६६३ या मितीचें शिवाजी महाराजांचें पत्र अभ्यासकांस सुपरिचित आहे, आणि त्यांत गडाचें नांव ‘सिंहगड’ असेंच आहे. तानाजी पडण्यापूर्वीं सात वर्षे तें नांव चालत होतें. एका पत्रानें सबंध व्युत्पत्ति ढासळते.

४

आतां ती हकीकत. आमचा एक जुना विद्यार्थी, व्यवसायानें कारकून, वयानें चाळिशीच्या पुढें गेलेला, दोन वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं आमच्या घरीं आला. त्यानें फडक्यांत गुंडाळलेला एक मोडी कागद आमच्यापुढें ठेविला. किंमत विचारतां त्यानें प्रथम टाळाटाळ केली. मग मुलीच्या शिक्षणाकरितां ठेवलेल्या रकमेंतून पैसे काढल्याचें सांगितलें. कागद महाराजांचा म्हणून विकला गेला होता. गड घेतल्याबद्दल मावळ्यांस इनाम दिल्याचा मजकूर होता, आणि त्यांत ‘यशवंती घोरपडी’चा नांवनिशीवार उल्लेख होता.

तो कागद पारखण्यास पांच मिनिटेंही लागलीं नाहींत. मिति माघ शके १५९१ ची, आणि तिच्या डोक्यावर ‘राज्याभिषेक शक’! राज्याभिषेक झाला १६७४ च्या जून महिन्यांत; म्हणजे चार वर्षांनीं सुरू व्हावयाचा शक लेखकास आधींच ठाऊक होता. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची किंवा विरामचिन्हें देण्याची चाल नव्हती. येथें शब्द सुटे सुटे होते आणि वाक्याच्या शेवटीं दंड होता. एवढ्यावर निकाल देण्यास हरकत नव्हती, आणि आम्हीं तो दिला.

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “सर, घोरपडीचें तुम्हींच वाचून दाखवलें होतें. कागदांत ती दिसली तेव्हां मला पुराव्याची गरजच वाटली नाहीं.”

या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. परंतु हकीकत येथें संपत नाहीं. चहा घेतां घेतां त्यानें सहज सांगितलें कीं, त्याच व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यांत एक फाटका, वाळवी लागलेला कागद होता. महाराजांचा वगैरे नव्हे, कोण्या गांवच्या धान्याचा कांहीं हिशेब असावा. त्याची मिति १६७० च्या आधींची होती आणि त्यांत ‘सिंहगड’ असें नांव होतें. “तो मी बाजूला टाकला,” तो म्हणाला. “तानाजीच्या आधीं सिंहगड कुठून येणार? म्हटलं, हा नक्की बनावट.” दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे त्या व्यापाऱ्याकडे गेलों. गठ्ठा विकला गेला होता. कोणास, तें त्यास आठवत नव्हतें. तो कागद खरा होता कीं खोटा, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. परंतु ज्या कारणानें तो टाकला गेला तें कारण खोटें होतें, आणि तें कारण आमच्या वर्गांतून गेलें होतें.

संग्राहकांनीं या हकीकतीचीं दोन्ही टोंकें ध्यानांत घ्यावींत. कादंबरीमुळें खोटा कागद खरा वाटतो, हें सर्वांस समजतें; बनावट कागद करणाराही आपलें गिऱ्हाईक कोणतें पुस्तक वाचून वाढलें आहे हें जाणूनच मजकूर रचतो. परंतु कादंबरीमुळें खरा कागद खोटा वाटूं शकतो, ही हानि अधिक मोठी. विकत घेतलेला बनावट कागद उद्यां कोणी तरी ओळखील. टाकून दिलेला अस्सल कागद पुन्हां येत नाहीं.

५

मग कादंबरी वर्गांतून हद्दपार करावी काय? त्या रात्रीं आम्हांस तसें वाटलें, हें नाकारीत नाहीं. परंतु विचारांतीं तो निर्णय आम्ही मागें घेतला. तो विद्यार्थी पोटास चिमटा घेऊन जुने कागद जमवितो, हेंही त्याच वाचनाचें फळ आहे. सनावळी पाठ करून कोणी दप्तरांकडे वळल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. गोडी कथेनें लागली. पारख आम्हीं शिकविली नाहीं. दोष कथेचा नव्हे, शिकवणीच्या अर्धवटपणाचा आहे.

गेल्या वर्षीं आमच्या जुन्या शाळेंतील एका तरुण शिक्षकानें आपल्या वर्गावर चार तास घेण्याची मुभा आम्हांस दिली, तेव्हां आम्हीं पुढील क्रम धरला. पहिल्या तासास कादंबरींतील प्रकरण वाचलें. पूर्वींप्रमाणेंच, रस न आटवितां, मध्येंच थांबून शंका न काढतां वाचलें. दुसऱ्या तासास पोवाड्याचा उतारा, तिसऱ्यास सभासदाचा उतारा आणि शकावलीची नोंद. चवथ्या तासास १६६३ च्या पत्राचा मजकूर. प्रत्येक वेळीं मुलांनीं तीनच प्रश्न लिहून काढावयाचे: सांगणारा कोण? प्रसंगानंतर किती वर्षांनीं सांगतो? त्यास हें कसें कळलें असावें? न्यायशास्त्रांत शब्दप्रमाणाची अट हीच आहे. शब्द आप्ताचा पाहिजे, आणि आप्त कोण, हें आधीं ठरविलें पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलास हें समजत नाहीं, असा आमचा जन्मभर ग्रह होता. तो त्या चार तासांत फिटला.

तिसऱ्या तासास एक मुलगी उठून म्हणाली, “म्हणजे घोरपड खोटी?” वर्गांत कुजबुज झाली, कित्येक मुलांचे चेहरे उतरले. हा क्षण नाजूक असतो. घोरपड म्हणजे दोराची शिडी, किंवा घोरपडे आडनांवाचा कोणी मावळा, असे अर्थ बसवून समेट करण्याची युक्ति कित्येकांनीं योजिली आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. तिच्यानें काव्यही राहत नाहीं आणि इतिहासही साधत नाहीं. आम्हीं त्या मुलीस सांगितलें कीं, १६७० सालच्या त्या रात्रीबद्दल घोरपड आपल्यास कांहीं सांगत नाहीं. परंतु पुढें ज्यांनीं तो पोवाडा ऐकला, त्यांना तो कडा किती दुर्गम वाटत होता, हें ती सांगते. साक्ष आहे, फक्त ती निराळ्या गोष्टीची आहे. ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग ते दोन मावळे जास्त शूर. त्यांच्याकडे घोरपड नव्हती.” तीस वर्षांत आम्हीं या प्रसंगावर जें व्याख्यान दिलें, त्याहून हें एक वाक्य अधिक मोलाचें होतें. पुरावा पुढें ठेविल्यानें तानाजी लहान होतो, ही भीति आमचीच होती; मुलांची नव्हती.

चवथ्या तासास पत्राचा मजकूर फळ्यावर लिहिला, आणि मितीखालीं रेघ ओढली. कांहीं न सांगतां आम्ही बाजूस उभे राहिलों. दोनेक मिनिटांनीं मागच्या बांकावरून प्रथम एक, मग चार-पांच हात वर झाले. नांवाचा घोटाळा त्यांच्या ध्यानांत आला होता. आमच्या विद्यार्थ्यास तीस वर्षांपूर्वीं कोणी असें फळ्यासमोर बसविलें असतें, तर वाळवी लागलेला तो कागद आज कदाचित् एखाद्या संग्रहांत असता.

६

या पद्धतीस अडचणी आहेत, त्या लपवूं नयेत. एका प्रसंगास चार तास देणें, वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईंत, बहुतेक शिक्षकांस परवडणारें नाहीं. वर्षास एकच प्रसंग घ्यावा. एकदां लागलेली संवय मुलें इतरत्र लावतात. दुसरी अडचण साधनांची. बखरी, शकावल्या आणि पत्रें छापलेलीं आहेत. परंतु तीं ज्या जाड ग्रंथांत आहेत ते शाळेच्या कपाटांत नसतात, असले तर त्यांतील भाषा मुलांस टीपांशिवाय लागत नाहीं. तिसरी अडचण शिक्षकाच्या मनाची, आणि ती सर्वांत मोठी. ज्या कथेवर आपण स्वतः वाढलों तिच्याखालची जमीन उकरून दाखविणें सोपें नसतें. आम्हांस त्यासाठीं एक विद्यार्थी फसावा लागला.

पहिली आणि तिसरी अडचण शिक्षकांनीं सोडवावी. दुसरी मात्र या त्रैमासिकाच्या वाचकांच्या हातांतली आहे. आपल्या संग्रहांतील एका अस्सल कागदाची स्वच्छ छायाप्रत, तिचें बाळबोध लिप्यंतर आणि चार ओळींचा अर्थ, एवढें प्रत्येक संग्राहकानें आपल्या गांवच्या शाळेस दिलें, तरी पुष्कळ काम होईल. कागद महाराजांचाच असला पाहिजे असें नाहीं; गांवच्या पाटलाची पावती किंवा देवळाच्या तेलाचा हिशेबही चालेल. मोडी अक्षर एकदां डोळ्यांखालून गेलें, शब्द जोडून कसे लिहीत आणि मिति कशी घालीत हें एकदां पाहिलें, म्हणजे मूल पुढें सहजासहजीं फसणार नाहीं. आणि एखादा फाटका कागद टाकण्यापूर्वीं दोनदां विचार करील.

आमच्या विद्यार्थ्यानें तो बनावट कागद फाडला नाहीं. त्यानें तो आमच्याकडे आणून दिला आणि वर्गांत दाखवा म्हणून सांगितलें. आतां चवथ्या तासाच्या अखेरीस आम्ही तो मुलांच्या हातीं देतों आणि त्यांतील चूक शोधावयास सांगतों. राज्याभिषेक शक त्यांच्या दृष्टीस पडण्यास सरासरी दहा मिनिटें लागतात. मुलीच्या शिक्षणाचे जे पैसे त्यांत गेले, ते येणेंप्रमाणें दुसऱ्या मुलांच्या शिक्षणास लागत आहेत, असें तो हंसून म्हणतो. आम्हांस मात्र अद्याप हंसूं येत नाहीं.